चोराने पाय बुडवले

१

ममता नगराळेने पान उजेडात धरलं. मधल्या शिरेच्या डाव्या बाजूला पिवळा डाग होता. उजव्या बाजूला तसा नव्हता.

पान पिवळं पडणं ही नवी गोष्ट नव्हती. जस्त कमी पडलं की संत्र्याची पानं पिवळी पडतातच, पण ती दोन्ही बाजूंना सारखी. प्रशिक्षणात शोभा मॅडमनी दोन पानं शेजारी ठेवून दाखवलं होतं. जस्त कमी असेल, तर पान मधोमध दुमडलं की डाग एकमेकांवर बसतात. नाही बसले, तर घाबरायचं.

ममताने पान दुमडलं. डाग बसले नाहीत.

जाळीघराची सातवी ओळ अगदी कोपऱ्यात होती. त्या ओळीतली पंधरा-वीस रोपं तशीच होती. बाकीची सगळी हिरवीगार.

दारव्ह्यापासून जीपने अर्ध्या तासावरच्या बोरखेडीत हे जाळीघर होतं. सायला नावाचा बारीक किडाही शिरू नये इतकी त्याची जाळी बारीक होती. कारण हाच किडा ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. त्या वर्षी कापसाने लोकांना पुरतं बुडवलं होतं आणि जो तो संत्र्याकडे वळत होता. त्यातच बाहेरच्या रोगट रोपांमुळे जिल्ह्यात रोपबंदी लागली. दाखला असलेल्या जाळीघरातलीच रोपं विकायची, बाकी कुठलीही आणायची नाहीत, न्यायची नाहीत. महागावपासून मारेगावपर्यंत ज्यांनी खड्डे खणून ठेवले होते, ते सगळे ममताच्या रोपांची वाट पाहत होते.

नियम तिला पाठ होता. जाळीघरात ग्रीनिंग निघालं, तर एक रोप जाळायचं नाही. सगळी जाळायची.

तिने कृषी सहायक सलील पांडे यांना फोन लावला. मग लगेच दुसरा फोन शोभा मॅडमना.

"मॅडम, डाग बसत नाहीत," ती म्हणाली.



"कशाला हात लावू नकोस. झाडूही मारू नकोस. मी उद्या उजाडता येते."

२

डॉ. शोभा गंधे पहिल्या जीपने आल्या. वनस्पतींच्या रोगांवर त्यांची सगळी नोकरी गेली होती. बोलणं कमी, पिशवीत भिंग, कात्री आणि टिंक्चर आयोडीनची बाटली.

सलील दाराशीच उभे होते. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मॅडम, मला वाईट वाटतं. पण दुपारी समिती येणार. ग्रीनिंग असेल तर जाळीघर पेटवायचा पंचनामा माझ्याच हातचा."

"असेल तर," शोभाताई म्हणाल्या.

जाळीघराला दोन दारं होती. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्हींच्या मध्ये सिमेंटचं उथळ टाकं आणि त्यात जंतू मारणारं मोरचुदाचं निळं पाणी. जो आत जाईल त्याने चपला काढून पाय त्यात बुडवायचे. शोभाताईंनी बुडवले, सलीलनी बुडवले, ममताने बुडवले.

सातव्या ओळीतलं एक पान आणि पहिल्या ओळीतलं एक पान त्यांनी कापलं. दोन्हींच्या कापलेल्या कडा आयोडीनमध्ये धरल्या.

"सकाळीच का, मॅडम?" सलीलनी विचारलं.

"निरोगी पान दिवसभर स्टार्च बनवतं आणि रात्रीतून खोडाकडे पाठवून देतं. पहाटेला कोठार रिकामं. ग्रीनिंग झालेल्या पानाच्या वाटा बुजलेल्या असतात. त्याचं कोठार सकाळीही भरलेलंच. ते आयोडीनने काळं पडतं."

पहिल्या ओळीच्या पानाची कड फिकट तपकिरी राहिली. सातव्या ओळीच्या पानाची कड काळी झाली.



"शेवटचा शब्द नागपूरच्या प्रयोगशाळेचा," शोभाताई म्हणाल्या, "पण मला शंका नाही. ही रोपं आजारी आहेत."

त्यांनी आजारी रोपाची पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि बाजूला ठेवली. मग खालच्या खडीकडे बघत राहिल्या. ठिबकच्या पाण्याने तिथे क्षाराचा पांढरा गोल उमटला होता. त्यांनी पिशवी परत त्या गोलावर ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली.

"ममता, इकडे ये. काय दिसतं?"

ममताने डोळे पुसले आणि पाहिलं. गोल मोठा होता. पिशवी लहान होती.

"ही पिशवी माही नाही, मॅडम," ती सावकाश म्हणाली. "माह्या पिशव्या मोठ्या हायेत."

"म्हणजे हा गोल या पिशवीने उमटवलेला नाही. इथं आधी तुझं रोप होतं. कोणीतरी ते नेलं आणि हे ठेवलं. तुझी रोपं आजारी पडलेली नाहीत, ममता. ती बदललेली आहेत."

३

सलीलना हे पटायला वेळ लागला नाही, पण त्यांची अडचण वेगळीच होती.

"समिती विचारेल, कधी बदलली? महिन्यांपूर्वी बदलली असतील, तर रोग इतरांना लागलेला असू शकतो. मग बदलली काय नि न बदलली काय, जाळावंच लागेल. कोणी आणि कधी, हे दोन्ही कळलं तरच काही होईल."

"दुपारपर्यंत," शोभाताई म्हणाल्या.

"दुपारपर्यंत."

जाळीघरात टांगलेले पिवळे चिकट कागद त्यांनी भिंगाखाली एकेक तपासले. धूळ होती, दोन मुंग्या होत्या. सायला एकही नव्हता. ही पहिली चांगली बातमी.

मग त्या सातव्या आणि आठव्या ओळींमधल्या बोळात ओणव्या झाल्या. मधली मोठी वाट इंदूबाई रोज धुऊन काढायची. या बोळात मात्र सहसा कोणी पाय ठेवत नसे. तिथल्या सिमेंटच्या पट्टीवर पावलं होती. अनवाणी, वाळलेली, फिकट निळी. आत आलेली, बाहेर गेलेली, पुन्हा आत आलेली.

"निळी," शोभाताई स्वतःशीच म्हणाल्या. मग मोठ्याने: "सलील, चोराने पाय बुडवले."

"म्हणजे?"

"एकदा नाही, प्रत्येक खेपेला. हातात चोरीची रोपं, कोणी येईल याची धास्ती, आणि तरी हा माणूस दर खेपेला टाक्यात थांबून पाय बुडवतो. दोन्ही दारं एकामागून एक लावतो. तसं नसतं तर एखादा तरी सायला शिरला असता. ज्याला हे जाळीघर बुडवायचं आहे, तो असं करेल का?"



"आणि तोच माणूस आजारी रोपं आत आणून ठेवतो," शोभाताई म्हणाल्या. "या दोन गोष्टी एका माणसात कशा बसतात, ते शोधायचं."

४

दाराची एक किल्ली सलीलकडे असे. दुसरी नगराळ्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. घरातल्या कोणाच्याही हाताला येईल अशी.

ममताचा नवरा इंद्रजित पुण्याला कंपनीत होता. घरात सासरे मारोती, दीर अतुल आणि ममता. कामाला इंदूबाई.

इंदूबाई ओट्यावर पाटा धूत होती.

"मले कायले विचारता, मॅडम? मी तर त्या कोपऱ्यात रोज जातबी नाही. आंघोळ करून आल्यासारखं रोज त्या निळ्या पाण्यात पाय घालतो, टाचा हिरव्या पडून राह्यल्या माह्या. नवरा म्हणते, तू पोपटीण झाली."

"कोपरा शेवटचा कधी पाहिलास?"

"बाजाराच्या आदल्या दिवशी पिशव्यातलं गवत उपटलं. तवा सगळं हिरवं होतं. मंग बाजाराच्या दिवशी मी अन् ममता दोघी दारव्ह्याले गेलतो. दिवसभर."

ममताने मान हलवली. गेल्याच आठवड्यातली गोष्ट.

"त्या दिवशी घरी कोण होतं?"

"मारोतीबुवा अन् अतुल." इंदूबाईने पाटा उभा केला. "अन् तो घनश्याम शेठ फिरून राह्यलता म्हणे गावात, जीप घेऊन. त्याले विचारा. माह्यावर डोळे काहून काढता? माह्या घरी तं सरपणाचीच बोंब हाय. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा एवढा ढीग पडला विहिरीजवळ, पण बुवा काडीले हात लावू देत नाही यंदा. दरसाल म्हणत, ने बाई, ने."

घनश्याम रोपांचा व्यापारी होता. बाहेरच्या जिल्ह्यातून ट्रकने रोपं आणून गावोगाव विकायचा. बंदीने त्याचा धंदा बसवला होता. गावच्या चहाच्या टपरीवर तो सापडला.

"हो, आलतो ना," तो म्हणाला. "रस्ता सरकारचा हाय. ममताबाईच्या जाळीले आग लागली तं मी रडणार नाही, खोटं कायले बोलू? पण आत पाऊल नाही ठेवलं माय कसम. ते पायधुण्याचं नाटक कोण करते? मंदिरात जाऊन राह्यलो का मी?"

"मग गावात कशाला आला होता?"

घनश्यामने कपातला चहा फिरवला. "तिच्या घरच्यालेच विचारा. अतुलले."

अतुल गोठ्यामागे होता. नाव निघताच त्याचा चेहरा उतरला.

"वहिनीले सांगू नका," तो म्हणाला. "दारव्ह्याले घनश्यामशेठचं दुकान रिकामं होते. मोबाईल दुरुस्तीचं टाकाव म्हणतो. दिवसभर त्याच्यासंगं तेच पाहून राह्यलतो. वहिनीचं सगळं ह्या जाळीत गुंतलेलं, अन् मी तिच्या दुश्मनाच्या जीपमधी. कोणत्या तोंडानं सांगू?"

"कलम बांधता येतं तुला?"

"मले?" अतुल हसला. "मी बांधलं तं खुंटच मरते."

म्हणजे त्या दिवशी गावात अतुलही नव्हता. शोभाताई थबकल्या. दुपार व्हायला फार वेळ उरला नव्हता, आणि घरात एकच माणूस शिल्लक होता.

५

मारोती नगराळे अंगणात बाजेवर बसले होते. पांढरं धोतर, हातात काठी.

"जयभीम, मॅडम. बसा. मले त्या जाळीतलं काही समजत नाही हं. मी कापसाचा माणूस. जिंदगी पऱ्हाटीत गेली."

"तुम्हाला नाही विचारत, बाबा. थोडं पाणी पिते."

ममताने पाणी आणलं. बाजेजवळ दोन रिकामे डबे आणि एका कुंडीत नमुन्याला लावलेलं संत्र्याचं कलम होतं. बोलता बोलता मारोतींनी सहज हात खाली नेला, कलमाच्या बुडाशी आलेला एक फुटवा नखाने खुडला, चुरगळून नाकाशी नेला आणि फेकून दिला.

"काय होतं ते?" शोभाताईंनी विचारलं.

"खुंटाचा फुटवा. ठेवला तं वरचं कलम उपाशी मरते." मारोती थांबले. काठीवरची त्यांची बोटं घट्ट झाली.

शोभाताईंनी पाणी संपवलं, आभार मानले आणि सरळ जाळीघरात गेल्या. त्यांनी आजारी रोपाचं खोड भिंगाखाली धरलं. जिथे खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवलेला असतो, तिथे बांधल्याची खूण राहते. ममता आणि इंदूबाई प्लॅस्टिकची पट्टी बांधायच्या. तिची खूण सपाट आणि गुळगुळीत. या खोडावर रेषारेषांची खूण होती, आणि एका सालीच्या भेगेत सुकलेला धागा अडकलेला होता. त्यांनी तो चिमट्याने काढला. धागा नव्हता तो. केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीची, चीर होती.

प्लॅस्टिक येण्याआधी कलमं सोपटाने बांधायचे. आता तसं कोणी बांधत नाही. जे पन्नास वर्षांपूर्वी शिकले, त्यांच्याशिवाय.

बाहेर समितीची गाडी वाजली.

"सलील, त्यांना थोडा वेळ थांबवा," शोभाताई म्हणाल्या. "ममता, तुझ्या विहिरीवर चल. बाबांनाही सोबत घे."

६

विहिरीजवळ संत्र्याचं एकच जुनं झाड होतं. फांद्या शेंड्याकडून वाळलेल्या, फळं लहान आणि वाकडी. खोडाला गेरूचा लाल पट्टा होता. महिन्यापूर्वी पाहणी करणाऱ्यांनी ओढलेला. तोडायच्या झाडांना ओढतात तसा. झाडाच्या सावलीला पऱ्हाटीचा ढीग रचलेला होता.

शोभाताईंनी ढिगाला हात लावला नाही.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही दाखवा."

 मारोतींनी काठी खाली ठेवली आणि स्वतःच पऱ्हाटीच्या पेंड्या बाजूला सारल्या. आत पोकळी ठेवलेली होती. त्या सावलीत ममताची हरवलेली रोपं दाटीने उभी होती. हिरवी, मोठ्या पिशव्यांतली, ताज्या पाण्याने ओली.

"मामाजी," ममताच्या तोंडून एवढंच निघालं.

"एकबी मरू दिलं नाही मी," मारोती म्हणाले. "मोजून घे."

"काहून पण?"

मारोतींनी झाडाकडे पाहिलं.

"माह्या बापानं हे नागपूरहून आणलं. छप्पनची दीक्षा घेऊन आला तवा. सारे पुस्तकं आणत होते, फोटो आणत होते. त्याले वाचता येत नव्हतं. त्यानं संत्र्याचं रोप आणलं. म्हणे, नवा जन्म हाय, नवं झाड लावू. ते वाळलं तवा त्याचाच डोळा काढून मी हे बांधलं. आता लाल पट्टा मारून गेले. तोडा म्हणते." त्यांनी ममताकडे पाहिलं. "गेल्या साली याचेच डोळे काढून बांधलते, जंबेरी लिंबाच्या खुंटावर, इथंच. पण बाहेर ठेवलं तं त्यायलेबी रोग लागन म्हटलं. तूच तं म्हणत जाय, आतलं कधी आजारी पडत नाही. तं ठेवलं आत. जागा नव्हती, म्हून तुहे बाहेर काढले. त्यायले इथं जपलं. पाऊस पडला की परत करणार होतो."

"आणि पाय?" शोभाताईंनी विचारलं.

"पाय तं बुडवाच लागते. नाही बुडवले तं रोग नाही जाणार का आत?"

ममता एकदम ढिगाच्या काठावर बसली. ती हसत होती की रडत होती, तिलाही सांगता आलं नसतं. "मामाजी, रोग तुमच्या हातातच होता. ह्या डोळ्यात. झाड आजारी असलं की त्याचं कलमबी जन्मापासून आजारी."

मारोतींना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते झाडाला टेकले.

"मी लेकराले दवाखान्यात नेलं म्हटलं," ते म्हणाले. "अन् सगळा दवाखाना..."

"नाही," शोभाताई म्हणाल्या. "सगळा नाही. तुम्ही खरं सांगितलंत तर नाही. बाबा, हेच सगळं समितीपुढे सांगाल?"

"झाड तोडतीन."

"तोडतील. ते तसंही तुटणार. सांगितलं नाही, तर जाळीघरही जाईल."

मारोतींनी काठी उचलली आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागले.

७

समितीत तिघे होते. मारोतींनी त्यांना सगळं सांगितलं, बाजाराच्या दिवसापासून. शोभाताईंनी गोल दाखवले, कागद दाखवले, पावलं दाखवली.

"आजारी रोपं आठवड्याच्या आतच आली. आत रोग नेणारा किडा एकही नाही. हा रोग हात लागून पसरत नाही, पाण्यातून पसरत नाही. किडा हवा किंवा आजारी डोळा. या रोपांवर कोणी सुरीही चालवलेली नाही. जाळायचं ते सातव्या ओळीतलं आणि विहिरीजवळ उघड्यावर राहिलेलं. बाकीच्यांची पावसाआधी पुन्हा तपासणी करा. प्रयोगशाळेत नमुने मी स्वतः नेते."

समितीचे प्रमुख बराच वेळ पिवळे कागद भिंगातून बघत राहिले. मग सलीलकडे वळून म्हणाले, "लिहा."

सलीलनी लिहायला घेतलं.

आजारी रोपं बाहेर काढायचं काम मारोतींनी कोणाला करू दिलं नाही. दर खेपेला जाताना पाय बुडवले, येताना बुडवले. पऱ्हाटीच्या ढिगावरच ती रोपं पेटवली. ममताची मोठ्या पिशव्यांतली हिरवी रोपंही त्यातच गेली. उघड्यावर राहिलेलं रोप परत आत घेता येत नाही, हे आता मारोतींनीच अतुलला समजावून सांगितलं.

झाडावर कुऱ्हाड पडण्याआधी शोभाताईंनी वरच्या फांद्यांचे कोवळे शेंडे कापून बर्फाच्या डब्यात ठेवले.

"आजारी झाडाचे कायले नेता?" मारोतींनी विचारलं.

"कोंबाच्या अगदी टोकाला खसखशीच्या दाण्याहून लहान तुकडा असतो. रोग बहुतेकदा तिथवर पोचलेला नसतो. प्रयोगशाळेत तेवढाच तुकडा काढून नळीतल्या खुंटावर बसवतात. जगेलच असं नाही. बरेच मरतात. शब्द देत नाही."

"एवढ्या लहानाले बांधता कशानं?"

"बांधत नाही. नुसता ठेवतो."

मारोतींनी मान हलवली. न बांधता कलम जगेल, यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर दाखला आला. महागावचा नेमसिंग पहाटेच जीप घेऊन दाराशी हजर झाला, आणि पाय न बुडवता आत शिरू लागला तेव्हा मारोतींनी काठी आडवी धरली. "चप्पल काढ, बापा. रोप पाहिजे का नाही तुले?" दुकानाची किल्ली खिशात ठेवून अतुल पिशव्या चढवत होता. ममता त्याला म्हणाली, "दुकानाचं आधीच सांगितलं असतं तं मी का खाल्लं असतं तुले?"

दिवाळीनंतर शोभाताईंचा फोन आला. मारोती पहिल्यांदाच नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत गेले. ममता बरोबर होती. काचेच्या दाराआड मांडणीवर नळ्यांच्या रांगा होत्या, बहुतेक रिकाम्या. एका नळीत पांढऱ्या खुंटावर दोन पानं होती, नखाएवढी. शोभाताईंनी बोटाने दाखवली.

"तुमच्या वडिलांचं झाड. दोनदा तपासलं. रोग नाही."

मारोतींनी काचेला नाक लावलं. 

"आत या, बाबा. जवळून बघा."

शोभाताईंनी दार उघडलं. मारोतींनी चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि उंबऱ्यातच थांबले. खाली पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"मोरचूद कुठी हाय वो, मॅडम?" ते म्हणाले. "पाय कशात बुडवू?"